टँकचं पाणी रंग बदलतं तेव्हा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. कुठल्याही सोसायटीत दहा घरं फिरलात तर एका तरी घरात फिश टँक सापडतो. बहुधा दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आत गोल्डफिश, मॉली, एंजल, क्वचित एकटा फायटर. आणि अशा प्रत्येक घरात कधी ना कधी पाण्याचा रंग पालटतो. कधी ते दुधी होतं, कधी हिरवं, कधी चहाच्या रंगाचं, कधी विटकरी. मग घाईघाईने दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर सगळं पाणी उपसून टँक आणि खडी साबणाने घासली जाते, नाही तर दुकानातून निळी किंवा पिवळी बाटली आणून तिचे थेंब सोडले जातात. दोन्ही उपायांनी मासे मरू शकतात, आणि घरच्यांची समजूत होते की रंगलेल्या पाण्यानेच ते मेले.

पाणी का बदललं हे कळेपर्यंत टँकमध्ये काहीही ओतू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कारण शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. बहुतेक वेळा काचेचे दोन पेले, एक पांढरा कागद आणि एक रात्र पुरते.

दोन पेले, एक रात्र

एका पेल्यात टँकचं पाणी घ्या, दुसऱ्यात नळाचं. दोन्ही शेजारी ठेवून मागे पांढरा कागद धरा. टँकमध्ये नुसतं डोकावून रंग नीट कळत नाही. मागचं निळं पोस्टर, रंगीत खडी आणि एलईडीचा उजेड हे सगळं पाण्यात मिसळून दिसतं.

दोन्ही पेले सारखेच रंगलेले असतील तर दोष टँकच्या बाहेर आहे. इमारतीच्या टाकीत असेल, पाइपात असेल किंवा रस्त्याखालच्या जलवाहिनीत. फक्त टँकचा पेला रंगलेला असेल तर कारण आतच शोधायचं.

आता टँकच्या पाण्याचा पेला झाकून रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी गाळ बसून वरचं पाणी नितळ झालं असेल तर ती माती, गंज किंवा न धुता टाकलेल्या खडीची धूळ आहे. पाणी तसंच दुधी राहिलं असेल तर जिवाणू वाढले आहेत. हिरवी झाक तशीच तरंगत असेल तर ते शेवाळ. आणि पाणी आरपार स्वच्छ दिसतंय, पण पिवळट किंवा तपकिरी आहे, तर त्यात काहीतरी विरघळलंय. विरघळलेला रंग कितीही वेळ ठेवला तरी खाली बसत नाही आणि कापसाच्या फिल्टरमध्येही अडकत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवावा. नळाचं पाणी दुधासारखं येतं आणि दोन-तीन मिनिटांत तळाकडून वर नितळ होत जातं, तेव्हा ती निव्वळ हवा असते. नळाला नुकतं पाणी आलं की पाइपातल्या दाबाखाली विरघळलेली हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. असं पाणी थोडा वेळ बादलीत ठेवलं की पुरे.

वासही घ्या. निरोगी टँकला ओल्या मातीसारखा मंद वास येतो. सडक्या अंड्यांसारखा वास आला तर खडीच्या खालच्या थरात हवा पोचत नाही आणि तिथे अन्न कुजतंय. मासळी कुजल्याचा वास आला तर आधी मासे मोजा. मेलेला मासा बऱ्याचदा फिल्टरच्या मागे किंवा शोभेच्या किल्ल्याच्या आत अडकलेला सापडतो.

नळापर्यंत येणारं पाणी

मुंबईला सात तलावांचं पाणी मिळतं. त्यांतले विहार आणि तुळशी आपल्या उपनगरांच्या मधोमध, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांत आहेत. विहार १८६० मधला. तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या तलावांचं पाणी शहराबाहेरून मोठ्या जलवाहिन्यांनी येतं. बहुतेक पाणी भांडुप संकुलात आणि पांजरापूरला शुद्ध होतं, त्यात क्लोरीन मिसळतं आणि ते टेकड्यांवरच्या जलाशयांतून वॉर्डांत सुटतं. तलावांत साठलेलं हे पावसाचंच पाणी. त्यात क्षार कमी, म्हणजे ते मऊ पाणी आहे. याचा माशांशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

जुलैच्या मुसळधार पावसात तलावांत गढूळ पाणी येतं. शुद्धीकरणात गाळ बसवण्याचं काम वाढतं आणि क्लोरीनचं प्रमाणही वाढवलं जातं. अशा दिवसांत नळाच्या पेल्याला किंचित धूसर किंवा पिवळट छटा दिसते.

रस्त्याखालची मोठी वाहिनी फुटली किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवली की पाणी पुन्हा सुरू होताना वेगळाच प्रकार होतो. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाला पाणी पुरवणारी १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि अंधेरीपासून घाटकोपर-कुर्ल्यापर्यंतच्या भागांना काही दिवस पाण्याची ओढाताण सोसावी लागली. अशा दुरुस्तीनंतर रिकाम्या झालेल्या पाइपातून पाणी पुन्हा जोरात धावतं, तेव्हा आतला बसलेला गंज आणि गाळ सुटून वाहू लागतो. पहिले काही तास येणारं पाणी टँकसाठी घेऊच नये. पालिकाही अशा वेळी पाणी गाळून, उकळून प्यायला सांगते. त्या दिवशी माशांचं पाणी बदललं नाही म्हणून काही बिघडत नाही.

इमारतीत शिरल्यावर पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून आपल्या घरी उतरतं. उपनगरांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या टप्प्यात असतं. जुन्या इमारतींतले लोखंडी (जीआय) पाइप आतून गंजलेले असतात. पाणीकपातीच्या दिवसांत जमिनीखालच्या टाकीतलं पाणी खाली उतरलं की पंप तळाचा गाळ ओढतो. शंका आली तर वॉचमनला विचारून तळमजल्यावरच्या थेट पालिकेच्या नळाचं पाणी पेल्यात घ्या आणि घरच्या नळाशी ताडून पाहा. खालचं नितळ आणि घरचं विटकरी, तर सोसायटीच्या टाकीचा किंवा पाइपाचा प्रश्न आहे आणि तो सेक्रेटरीसमोर मांडायला तुमच्या हातात दोन पेल्यांचा पुरावा आहे. हेच पाणी घरातली मुलंही वापरतात.

गंजाचं पाणी टँकमध्ये गेलंच असेल तर घाबरू नका. लोखंडाचे बारीक कण माशांच्या कल्ल्यांवर बसून त्रास देतात, पण हा गंज फिल्टरच्या कापसात अडकतो. कापूस दोन-तीन दिवस रोज बदला. पुढच्या वेळी पाणी बादलीत रात्रभर ठेवून वरचं तीन चतुर्थांश तेवढंच मगाने अलगद घ्या.

टाकी धुतली त्या आठवड्यात

नोटीस बोर्डावर "उद्या पाण्याची टाकी साफ करणार" अशी सूचना लागली की टँकवाल्यांनी ती सगळ्यांत आधी वाचावी. टाकी धुताना ब्लीचिंग पावडर वापरतात. ती नीट धुऊन निघाली नाही तर पहिल्या भरणीच्या पाण्यात क्लोरीन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त असतं. पाणी आरशासारखं स्वच्छ, नाकाला जरासा वास, आणि त्यात मासे तासाभरात तडफडू लागतात.

नेहमीच्या दिवशीही नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ते नळाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं लागतं. माणसासाठी हे संरक्षण आहे, माशाच्या कल्ल्यांना मात्र याहून कमी क्लोरीनही भाजतं. क्लोरीन तपासायला ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब मिळतात. गावोगावी आरोग्य कर्मचारी विहिरीचं पाणी तपासताना हेच थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, जितकं गडद पिवळं तितकं जास्त. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, टँकमध्ये परत ओतायचं नाही.

उपाय दोन आहेत. बादलीत पाणी भरून चोवीस तास ठेवावं, शक्य असल्यास त्यात एअर पंपाची नळी सोडावी, म्हणजे क्लोरीन लवकर उडतं. नाही तर दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकावं. बादली पातळ कापडाने झाका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरात येऊन नेमकं हेच तपासतात. दोन-तीन बादल्या आठवडाभर उघड्या ठेवून देण्याची सवय काही टँकवाल्यांना असते, ती सोडायला हवी.

दुधी पाणी

टँक आणला, भरला, त्याच संध्याकाळी दहा मासे सोडले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं. नव्या टँकच्या बाबतीत ही तक्रार सर्रास ऐकू येते. दुकानदार "पाणी बदला" म्हणतो, लोक सगळं पाणी बदलतात, आणि दोन दिवसांनी ते पुन्हा दुधी होतं.

आत काय चाललंय ते समजलं की धीर धरणं सोपं जातं. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया विषारी आहे. खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणूंचे काही गट त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बऱ्यापैकी सोसवतं. हे जिवाणू मातीतही हेच काम करतात. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळे करून दाखवले. त्यांची वाढ मंद असते, दुप्पट व्हायला त्यांना बहुधा अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. उलट अन्न कुजवणारे साधे जिवाणू तासाभरात किंवा त्याहूनही लवकर दुप्पट होतात. त्यामुळे नव्या टँकमध्ये कुजवणारे आधी माजतात आणि पाणी पांढरं दिसतं, तर सफाई करणारे मागून येतात. ही घडी बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मुंबईच्या कोमट पाण्यात जरा लवकरही.

सगळं पाणी उपसलं आणि खडी धुतली की नुकती रुजू लागलेली ही वसाहत धुऊन जाते आणि गणती पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून दुधी पाण्याचा इलाज हाताला कमी आणि तोंडाला जास्त आहे, म्हणजे माशांच्या तोंडाला. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. निरोगी मोठा मासा एवढ्या उपासाने मरत नाही. नंतर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात तीन जण वेगवेगळ्या वेळी प्रेमाने खाणं टाकत असतील तर ते काम एकाकडेच द्या. माझ्या पाहण्यात जुन्या टँकचं पाणी दुधी होण्याचं हे सगळ्यांत मोठं कारण आहे. पाणी रोज किंवा एक दिवसाआड पाचव्या हिश्श्याएवढं बदला आणि एअर पंप चोवीस तास चालू ठेवा.

एअर पंपाचा आग्रह यासाठी की माजलेले जिवाणू प्राणवायू खातात. त्यात मे महिन्याची भर. २५ अंश तापमानाच्या पाण्यात दर लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले तर पाण्याचा रंग विसरा, आधी हवा वाढवा आणि चौथा हिस्सा पाणी बदला.

जुना, व्यवस्थित चाललेला टँक अचानक दुधी झाला तर गेल्या दोन-तीन दिवसांत काय घडलं ते आठवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला का? क्लोरीनच्या पाण्याने त्यातली वसाहत मरते. स्पंज नेहमी टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळायचा. वीज गेली होती का? १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि काही भागांत ती परत यायला कित्येक तास लागले. एवढा वेळ बंद पडलेल्या फिल्टरमधलं पाणी शिळं होतं, प्राणवायूवाचून जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर बंद डब्याचा फिल्टर तसाच चालू केला तर ती सगळी घाण टँकमध्ये येते. आधी तो उघडून आतलं पाणी ओतून द्यावं.

हिरवं पाणी

हिरवं पाणी म्हणजे पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना सुटं न दिसणारं शेवाळ. माशांना त्याचा सहसा त्रास नाही. गोल्डफिशची पिल्लं वाढवणारे काही जण ते मुद्दाम जोपासतात. पण दिवाणखान्यात मासेच दिसेनासे झाले तर टँक ठेवण्यात अर्थ उरत नाही.

शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. खत म्हणजे साठलेलं नायट्रेट आणि खाण्यातून येणारं फॉस्फेट. उजेडाबद्दल मात्र एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. "टँक दोन वर्षं याच जागी आहे, आजवर हिरवा झाला नाही" असं सांगणाऱ्याच्या खिडकीची दिशा विचारावी. मुंबईत जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरमध्ये तोच सूर्य दक्षिणेकडे कलून दुपारीही जेमतेम ४७ अंशांच्या उंचीवर राहतो आणि ऊन थेट खोलीत शिरतं. टँक जागचा हलला नाही, ऊन हललं. दिवाळीनंतर हिरव्या होणाऱ्या टँकचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. समोरची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तरीही हेच घडतं. वर्षानुवर्षं सावलीत असलेली खिडकी एका महिन्यात उजेडात येते.

ऊन येणाऱ्या बाजूच्या काचेला काळा कागद लावा किंवा पडदा ओढा. टँकचा दिवा दिवसाला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त नको. रात्री झोपताना दिवा शोभेसाठी चालू ठेवण्याची सवय माशांनाही त्रासाची आहे. एवढ्याने भागलं नाही तर टँक जाड चादरीने तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवा, दिवा बंद, एअर पंप चालू. शेवाळ मरतं, आणि मेलेलं शेवाळ कुजून अमोनिया होऊ नये म्हणून चादर काढल्याबरोबर तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. आत झाडं असतील तर ती एवढा अंधार सहसा सोसतात. सगळ्यांत खात्रीचा उपाय यूव्ही दिव्याचा फिल्टर. त्यातून पाणी फिरलं की तरंगतं शेवाळ काही दिवसांत संपतं. पण खाणं आणि ऊन तेवढंच राहिलं तर काचेवर दुसरं शेवाळ चढतंच.

हिरव्या पाण्यावर सकर मासा विकला जातो, हे मला पटत नाही. सकर काचेवरचं शेवाळ खरवडतो, तरंगतं शेवाळ त्याला खाताच येत नाही. शिवाय तो फूटभर वाढतो आणि भरपूर घाण करतो. दोन फुटी टँकमध्ये तो पाणी सुधारत नाही, बिघडवतो. पुढे जागा पुरेना झाली की लोक त्याला तळ्यात सोडतात आणि तिथल्या देशी माशांवर संकट येतं.

चहाच्या रंगाचं पाणी

आरपार स्वच्छ, पण तांबूस-तपकिरी पाणी दिसलं तर टँकमध्ये लाकूड आहे का ते पाहा. शोभेसाठी ठेवलेल्या ओंडक्यातून टॅनिन झिरपतं. ते निरुपद्रवी आहे, पाणी किंचित आम्लधर्मी करतं. टेट्रा, एंजल, फायटर यांचे मूळ प्रदेश अशाच गडद पाण्याचे आहेत, त्यामुळे त्यांना ते मानवतं. रंग नकोच असेल तर लाकूड टँकमध्ये ठेवण्याआधी दोन-तीनदा उकळून काढा, पाणी काळं निघणं थांबेपर्यंत. आधीच ठेवलेलं असेल तर फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवा. ती साधारण महिन्याभरात निकामी होते, मग बदलायची.

फायटर पाळणारे टॅनिनसाठी मुद्दाम बदामाची पानं टाकतात. ही पानं दुकानात पाकिटातून विकली जातात, आणि तेच देशी बदामाचं झाड आपल्याकडे जुन्या वसाहतींच्या आवारात, शाळांच्या मैदानांवर सर्वत्र आहे. लाल होऊन आपोआप गळलेलं, पूर्ण वाळलेलं पान घ्यावं. वाहत्या रस्त्याकडेचं किंवा नुकतीच डासांची धूरफवारणी झालेल्या आवारातलं घेऊ नये. धुऊन, वाळवून, दोन फुटी टँकला एखादं पान पुरे.

लाकूड नाही, पान नाही, तरी पाणी पिवळट दिसतंय, तर ते म्हातारं झालंय. विष्ठा आणि खाण्यातले विरघळलेले अंश महिनोन्‌महिने साठत गेले की अशी छटा येते. पाणी आटेल तेवढीच भर घालत राहणाऱ्या घरांत हे हमखास दिसतं. वाफ होऊन शुद्ध पाणी तेवढं जातं, घाण आतच राहते.

तुरटी, मीठ आणि रंगीत बाटल्या

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवणं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, म्हणून गढूळ टँकमध्येही कोणीतरी तुरटी फिरवतंच. पिण्याच्या हंड्यात हे ठीक आहे. टँकमध्ये मासे असताना करू नका. तुरटी पाण्यातले कार्बोनेट खाते. मुंबईच्या मऊ पाण्यात ते मुळातच थोडे, त्यामुळे आम्लता एकदम वाढते आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना त्रास देतं. बाहेर बादलीतलं पाणीही माशांसाठी तुरटीने नितळ करू नये. रात्रभर ठेवून गाळ बसवणंच चांगलं.

खडे मीठ काही आजारांत उपयोगी पडतं, पाण्याच्या रंगावर त्याचा काही परिणाम नाही. निळ्या बाटलीत बहुधा मिथिलीन ब्लू असतं, हिरव्यात मॅलाकाइट ग्रीन, पिवळ्यात ॲक्रिफ्लेविन. ही आजारी माशांची औषधं आहेत. आजार नसताना ती टाकली तर मूळ रंगावर आणखी एक रंग चढतो, काचेचं सिलिकॉन कायमचं निळं पडतं, आणि मिथिलीन ब्लू तर फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. खरोखर औषध द्यायचं असेल तर मासा वेगळ्या बादलीत काढून द्यावं. टँकमध्ये आधीच पडलेलं औषध कार्बनने आणि पाणी बदलून निघतं.

पाणी गुलाबी, जांभळं किंवा गडद निळं होत असेल आणि औषध पडलेलं नसेल, तर स्वस्त रंगीत खडी किंवा प्लास्टिकचं झाड बाहेर काढून गरम पाण्यात बुडवून पाहा. पाण्याला रंग सुटला तर ते टँकमध्ये परत ठेवायचं नाही.

नितळ पाणीही मारतं

अमोनियाला रंग नाही, नायट्राइटला नाही, क्लोरीनलाही नाही. दुधी पाणी कित्येकदा निभावून जातं, आरशासारखं पाणी रात्रीत सगळा टँक रिकामा करतं. याचं एक उदाहरण खास आपल्या उपनगरांचं आहे.

जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं आणि पाण्यातले कार्बोनेट खर्ची पडतात. दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. आपल्या मऊ पाण्यात हा साठा लवकर संपतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टँकचा पीएच साडेसहाच्या, सहाच्या खाली घसरतो, जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. तरी मासे जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात तो कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो.

मग उन्हाळा येतो, तलाव आटतात, पाणीकपात लागते. २०२४ च्या जूनमध्ये ती १० टक्के होती. सोसायटी टँकर मागवते. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, जड, पीएच आठच्या आसपास. घरच्यांना पाणी पिवळट दिसतं म्हणून त्या दिवशी निम्मा टँक बदलला जातो. पीएच सातला एकूण अमोनियापैकी विषारी भाग शंभरात एकाहून कमी असतो, आठला तो सहा-सात होतो. साठलेला अमोनिया तासाभरात विष बनतो. आणि दोष टँकरच्या "घाण" पाण्यावर येतो, जे कदाचित पूर्ण स्वच्छ होतं.

म्हणून टँकर आला आहे हे कळलं की पाणी बदलणं पुढे ढकला. थांबणं शक्य नसेल तर रोज दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. आरओवाल्याकडे असतो तसा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर घरात असला तर नळाला टँकरचं पाणी आलंय की पालिकेचं ते लगेच कळतं, पालिकेच्या पाण्याचा आकडा कितीतरी लहान असतो. आणि पीएच, अमोनिया तपासायचे थेंब ही मला टँकवाल्याची सगळ्यांत मोलाची खरेदी वाटते, पंपाच्याही आधीची. पीएच वारंवार घसरत असेल तर फिल्टरमध्ये मूठभर शिंपले स्वच्छ धुऊन ठेवावेत. ते हळूहळू विरघळून कार्बोनेट भरून काढतात. आरओचं पाणी मात्र टँकमध्ये भरू नये. त्यात उरलेसुरले क्षारही नसतात.

पाणी बदलताना

लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकाराला ६१ ने भागलं की लिटर मिळतात. दोन फुटी टँकमध्ये खडी-दगड वगळता साधारण ५५ लिटर पाणी असतं, म्हणजे आठवड्याला एक बादली काढायची आणि एक भरायची. नळीने तळातली घाण ओढून काढा, वरवरचं पाणी मगाने काढून उपयोग नाही. नवं पाणी टँकच्या पाण्याइतकंच कोमट असावं. पावसाळ्यात रात्रभर ठेवलेली बादली टँकपेक्षा दोन-तीन अंश थंड असते, म्हणून ते सावकाश ओतावं.

काढलेलं पाणी मोरीत टाकू नका. त्यातलं नायट्रेट खिडकीतल्या कढीपत्त्याला, मोगऱ्याला उत्तम खत आहे. औषध किंवा मीठ पडलेलं पाणी मात्र कुंड्यांना घालायचं नाही, आणि टँकमधली झाडं, गोगलगायी किंवा नकोसे झालेले मासे पवई तलावात किंवा नाल्यात सोडायचे नाहीत. ते दुकानात परत द्यावेत किंवा टँक असलेल्या दुसऱ्या घराला.